ड्रिलची वळती खाच

भोक पाडण्याचे एखादे ड्रिल हातात घेऊन पाहा. त्याच्या अंगावर दोन खाचा मळसूत्रासारख्या वळत गेलेल्या दिसतात. भोकातला कीस याच खाचांतून बाहेर पडतो. पूर्वी त्या कानशीने हातानेच घासून पाडत. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स येथील जोसेफ ब्राउन यांनी १८६१-६२ मध्ये या कामासाठी युनिव्हर्सल मिलिंग मशीन बनवले. नागपूरच्या आयटीआयमध्ये मशिनिस्टचे काम शिकणाऱ्या किंवा हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या मुलांना हे तत्त्व समजून घ्यावेच लागते. शाळेतल्या भूमितीशी त्याचे जवळचे नाते आहे.

मिलिंग मशीनच्या टेबलावर डिव्हायडिंग हेड बसवतात. त्यात वर्म आणि ४० दातांचे चाक असते. हँडलचे ४० फेरे झाले की जॉबचा एक फेरा होतो. २० दातांचे गिअर कापायचे असेल तर प्रत्येक दातानंतर हँडल दोन फेरे फिरवायचे. कटर चालू असताना जॉब मात्र स्थिर असतो.

वळत्या खाचेसाठी हे पुरत नाही. टेबल पुढे सरकत असतानाच जॉब फिरला पाहिजे. एका हाताने टेबल आणि दुसऱ्या हाताने हँडल फिरवू म्हटले तर दोन्ही गतींचा मेळ राहणार नाही. म्हणून टेबलाच्या लीडस्क्रूच्या टोकापासून डिव्हायडिंग हेडपर्यंत गिअरची साखळी जोडतात. मशीनची पॉवर फीड लीडस्क्रू फिरवते, लीडस्क्रू हेडला फिरवतो. फीड मंदावली तर फिरणेही मंदावते. ती थांबली तर दोन्ही एकदमच थांबतात.

गिअर कोणते लावायचे? समजा, लीडस्क्रूचा पिच ६ मिमी आहे, आणि जॉबच्या एका फेऱ्यात टेबल १२० मिमी सरकायला हवे. म्हणजे लीडस्क्रूचे २० फेरे होतील. तेवढ्यात वर्मचे ४० फेरे व्हायला हवेत. वर्म दुप्पट वेगाने फिरायचा, म्हणून लीडस्क्रूवर ४८ दातांचे आणि हेडच्या बाजूला २४ दातांचे गिअर लावता येईल. मध्ये आणखी एक गिअर घातले तर गुणोत्तर तेच राहते, फक्त फिरण्याची दिशा उलटते. उजवी की डावी खाच, हे त्यावरून ठरते.

येथे दोन चुका महागात पडतात. एरवी भोकांची तबकडी एका पिनेने पक्की केलेली असते. आता तबकडीच फिरून हँडलला सोबत नेणार असल्याने ती पिन काढावी लागते. ती विसरली आणि फीड सुरू केली तर गिअर अडकतात, दातही मोडू शकतात. दुसरी चूक टेबल मागे घेताना होते. गिअरमध्ये थोडी ढिलाई असतेच, त्यामुळे परतीच्या वाटेवर कटर त्याच खाचेतून जात नाही आणि तयार खाचेची कड खरवडते. म्हणून आधी टेबल खाली घ्यायचे, मगच मागे. दुसऱ्या खाचेसाठी हँडल २० फेरे फिरवायचे.

टेबल किती अंशांत वळवायचे, हे वर्गातच काढून दाखवता येईल. २० मिमी व्यासाची गोल काठी घ्या. तिचा परीघ सुमारे ६३ मिमी. कागदाचा काटकोन त्रिकोण कापा: पाया ६३ मिमी, उंची १२० मिमी. उंचीची बाजू काठीच्या लांबीला समांतर धरून तो काठीभोवती गुंडाळा. कर्णाची रेषा म्हणजेच आपली खाच. तिचा काठीच्या लांबीशी होणारा कोन मोजा. तो सुमारे साडेसत्तावीस अंश येतो. टॅन म्हणजे ६३ भागिले १२०. तेवढेच अंश टेबल वळवले की कटर खाचेच्या दिशेने येतो.

आज संगणकनियंत्रित यंत्रांत गिअर बदलावे लागत नाहीत. दोन मोटरींमधले गुणोत्तर प्रोग्राममध्ये लिहितात. परंतु ते किती लिहायचे, हे याच त्रिकोणावरून ठरते. तेव्हा जवळच्या यंत्रशाळेला वर्ग नेण्याआधी मुलांकडून हा त्रिकोण गुंडाळून घ्यावा, असे आम्ही सुचवतो.