अंगणातला हौद : माशांच्या पाण्यावर भाजीपाला

गेल्या काही महिन्यांत अनेक वाचक बांधवांनी आमच्याकडे एकाच गोष्टीची विचारणा केली आहे. घराच्या गच्चीवर किंवा अंगणात मासे आणि भाजी एकत्र वाढवण्याचा जो ‘ॲक्वापोनिक्स’ नावाचा प्रकार आहे, तो खरोखर जमतो का, आणि त्यात पैसा आहे का? काहींनी तर जाहिराती पाहून रक्कम भरण्याची तयारीही चालवली आहे. म्हणून या पानावर हा विषय सविस्तर मांडत आहोत. आधीच सांगतो, जमतो निश्चित. पैशाचा हिशोब मात्र जाहिरातीत असतो तसा नाही.

कोकणात पहिल्या पावसात भातखाचरात चढणारे वळगणीचे मासे पकडणाऱ्या माणसाला यातील मूळ कल्पना नवीन वाटणार नाही. जिथे मासे फिरतात तिथे त्यांची घाण पिकाला खत म्हणून मिळते. हेच काम टाकीत, नळ आणि पंप लावून करणे म्हणजे ॲक्वापोनिक्स. अमेरिकेच्या व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात डॉ. जेम्स रकोसी यांनी १९८० नंतर यावर बरीच वर्षे काम केले. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली घरगुती स्वरूपाच्या मांडणीवर एक जाड पुस्तिकाही काढली. खाली दिलेली बरीचशी प्रमाणे त्याच धर्तीची आहेत.

मासा खातो आणि पाण्यात अमोनिया सोडतो. हा अमोनिया माशांना विषारी. पण खडीवर, टाकीच्या भिंतीवर काही जिवाणू वस्ती करतात. त्यांतील एक जात अमोनियाचे नायट्राईट करते, तेही विषारीच. दुसरी जात नायट्राईटचे नायट्रेट करते, आणि नायट्रेट म्हणजे झाडांचे खाद्य. झाडे ते शोषून घेतात, पाणी स्वच्छ होऊन परत माशांकडे जाते. म्हणजे आपण मासे पाळतो, भाजी पिकवतो असे वाटत असले तरी खरी पाळायची ती डोळ्यांना न दिसणारी जिवाणूंची वस्ती. ही गोष्ट ज्याने ध्यानात घेतली नाही त्याचे मासे पहिल्याच पंधरवड्यात मरतात.

आता मांडणी. नवख्या माणसाने ५०० लिटरची एक टाकी माशांसाठी आणि प्रत्येकी सुमारे २५० लिटर खडी मावेल असे दोन उथळ हौद भाजीसाठी घ्यावेत. हौदाची खोली एक फूट पुरे. दोन्ही मिळून दीड-पावणेदोन चौरस मीटर जागा लागवडीला मिळते. टाकीतले पाणी पंपाने हौदात चढते, खडीतून पाझरते आणि उताराने परत टाकीत पडते. पंप तासातून पंधरा मिनिटे चालवून बाकी वेळ बंद ठेवला की हौद भरतो आणि रिकामा होतो, मुळांना पाणीही मिळते आणि हवाही. त्यासाठी साधा टायमर पुरतो. खडीचा वरचा दोन बोटांचा थर कोरडाच राहिला पाहिजे, नाहीतर शेवाळ धरते. टाकीवर सावलीही हवी.

खडी २० मिलिमीटरच्या आसपासची घ्यावी. आमच्याकडचा काळा दगड बहुधा चालतो, पण खात्री करायची तर मूठभर खडीवर सिरका ओता. बुडबुडे आले तर तिच्यात चुना आहे, ती परत करा. संगमरवराचे तुकडे दिसायला छान, पण ते वापरू नयेत. खडी स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावी. हे काम कंटाळवाणे आहे, तरी टाळू नये. तांब्या-पितळेचे व्हॉल्व्ह, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा या पाण्याला लागू देऊ नये. माणसाच्या पिण्याच्या पाण्याला तांबे चांगले म्हणून माशालाही चांगले, असे नाही. सर्व जोडकाम प्लास्टिकच्या पाइपात करावे.

येथे एक गोष्ट जोर देऊन सांगावीशी वाटते. ५०० लिटर पाण्याचे वजन ५०० किलो. ५०० लिटर खडी साडेसातशे किलोच्या पुढे जाते. लोखंडी घोडा धरून सव्वा टनाहून जास्त भार होतो. आपल्या मोहल्ल्यांतून किती घरे चाळीस-पन्नास वर्षांची आहेत, किती गच्च्यांना पावसात ओल येते, हे आपणच जाणतो. इंजिनिअरने छत पाहिल्याशिवाय गच्चीवर हा भार चढवू नये. अंगण किंवा तळमजल्याचा ओटा असेल तर तोच बरा. खालच्या मजल्यावर आपलीच किंवा शेजाऱ्याची मुले झोपलेली असतात.

टाकी भरल्यावर लगेच मासे सोडू नयेत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, ते जिवाणूंना मारते. पाणी एक-दोन दिवस उघडे ठेवून खळबळवावे. मग रोज चिमूटभर माशांचे खाद्य पाण्यात टाकत राहावे, ते कुजून अमोनिया तयार होतो. ओळखीत कोणाचे जुने, निरोगी मत्स्यपात्र असेल तर त्याच्या गाळणीतला थोडा स्पंज मागून आणून खडीत ठेवावा. विरजण लावण्यासारखेच आहे. आधी अमोनिया वाढतो, मग नायट्राईट, शेवटी नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राईट जवळजवळ शून्यावर आले आणि नायट्रेट दिसू लागले की हौद तयार. याला चार ते सहा आठवडे लागतात. मत्स्यपात्राच्या दुकानात या तिन्हींच्या तपासणीचे थेंब मिळतात, ते अवश्य घ्यावेत. तेथेच सामू, ज्याला दुकानदार पीएच म्हणतात, तोही तपासता येतो. तो साडेसहा ते सातच्या दरम्यान ठेवायचा. दिवस जातात तसा तो खाली उतरतो, मग अगदी थोडी चुन्याची निवळी, हळूहळू, काही दिवसांत विभागून द्यावी.

माशांची निवड कायद्याशीही जोडलेली आहे. जगभर या कामाला चिलापी, म्हणजे तिलापिया वापरतात. उजनीच्या काठी तो सर्वांच्या ओळखीचा आहे. पण पाळण्यासाठी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते, तेव्हा आधी जिल्ह्याच्या कार्यालयात विचारावे. परदेशी मांगूर कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नये, त्याच्या पालनावर बंदी आहे. आमचा सल्ला असा की पहिली खेप गोल्डफिश किंवा कोईची करावी. मासे काटक असतात, चूक पचवतात, आणि वाढलेला मासा शोभेच्या माशांच्या दुकानात विकला जातो.

खाण्याचे मासे ठेवणार असाल तर ५०० लिटरमध्ये पूर्ण वाढीचे १२ ते १५, यापेक्षा जास्त नकोत. त्यांचे वजन सहा किलोच्या आसपास होते आणि रोजचे खाद्य ७०-८० ग्रॅम, तेवढ्यावर दोन्ही हौदांतील पालेभाजी पोसते. अर्ध्या तासात न खाल्लेले खाद्य जाळीने काढून टाकावे. मरून पाण्यावर तरंगलेला मासा आपले हनफी बांधव खात नाहीत. कोकणातील शाफई मंडळींत तशी मनाई नसली तरी रोगाने मेलेला मासा कोणीच खाऊ नये, आणि टाकीतही ठेवू नये.

आता आमचीच एक चूक. पहिल्या वर्षी हावेपोटी आम्ही तेवढ्याच टाकीत ४० मासे सोडले. एप्रिलमध्ये एका रात्री पाच तास वीज गेली. गरम पाण्यात आधीच प्राणवायू कमी, त्यात पंप बंद. फजरच्या वेळी उठून पाहिले तर सगळे मासे तोंड वर काढून धापा टाकत होते. सूर्य वर येईपर्यंत चारच उरले. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप त्या माशांपेक्षा कितीतरी स्वस्त होता. तो पहिल्या दिवशीच घ्यावा.

भाजीत पुदिना सर्वांत सोपा. पालक, कोथिंबीर, लेट्यूसही चांगले येतात. टोमॅटो, मिरची हौद जुना झाल्यावर लावावी. नवी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी आहे असे समजावे, खतविक्रेत्याकडून पाण्यात विरघळणारे चिलेटेड लोह आणावे. कीड पडली तर हाताने वेचावी. कडुनिंबाचे तेल, तंबाखूचे पाणी, साबण यांपैकी काहीही फवारले तरी ते खाली माशांपर्यंत जाते.

हिशोब असा. लहान पंप आणि हवेचा पंप मिळून ३० वॅट धरले आणि दोन्ही सतत चालले तर महिन्याला सुमारे २२ युनिट वीज. सात-आठ महिन्यांत सहा किलो मासे, त्यासाठी नऊ-दहा किलो खाद्य, आणि घरापुरती पालेभाजी. एवढ्यावर कोणाचा संसार चालत नाही. जे लोक हाच संच दाखवून दरमहा हजारोंच्या कमाईची हमी देतात, त्यांना एकच विचारावे, माल कोण आणि कोणत्या भावाने घेणार ते लिहून देता का? व्याजाने पैसे काढून तर यात मुळीच पडू नये. कोणाकडून कर्ज-ए-हसना मिळत असला तरी तो दुकानाच्या मालासाठी राखावा.

कमाई दुसरीकडे आहे, आणि ती आपल्या कारागिरांच्या हातात आहे. शहरांतल्या बंगल्यांतून, शाळांतून असे हौद बसवून घेणारे लोक आता भेटतात. त्यांना प्लंबर हवा, लोखंडी घोडा करणारा वेल्डर हवा, टायमर जोडणारा वायरमन हवा. हे तिन्ही एकाच गल्लीत मिळतात, पण माशांचे शास्त्र न कळल्याने काम बाहेरचा ठेकेदार घेऊन जातो. ज्याने स्वतःच्या अंगणात एक हौद वर्षभर चालवला तो गिऱ्हाइकाला चालू हौद दाखवू शकतो. दर सांगताना सामान, मजुरी आणि पहिल्या दोन महिन्यांची देखभाल वेगवेगळी लिहून द्यावी. तक्रारी याच दोन महिन्यांत येतात, आणि त्या बहुधा गिऱ्हाइकाने घाईने मासे सोडल्यामुळे असतात.

सुरुवात पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबरच्या आसपास करावी. तेव्हा पाणी फार गरम नसते, जिवाणूंची वस्ती थंडी पडण्यापूर्वी बसते, आणि एप्रिलचा उन्हाळा येईपर्यंत हात सरावलेला असतो.