बंद न होणारी वर्गणी

घरी दुधाचा रतीब लावायचा असला तर गवळ्याला एकदा सांगावे लागते, आणि तो बंद करायचा असला तरीही एकदाच सांगावे लागते. ‘उद्यापासून नको’ एवढे दोन शब्द पुरतात. फार तर गवळी कारण विचारतो, थोडा रुसतो, खाडे वजा करून महिन्याचा हिशेब मांडतो आणि पुढच्या दारी जातो. वर्तमानपत्राचेही तसेच. लावण्याला जेवढे श्रम पडतात तेवढेच बंद करण्याला पडावेत, ही गोष्ट या व्यवहारांत इतकी गृहीत धरलेली असते की तीत काही न्याय आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. मोबाईलवरच्या वर्गण्यांनी ते आपल्या ध्यानात आणून दिले आहे.

रांजणगावच्या किंवा कुरकुंभच्या कारखान्यात पाळी करणाऱ्या एखाद्या तरुणाचे उदाहरण घेऊ. क्रिकेटचे सामने पाहण्यासाठी तो ‘पहिला महिना फुकट’ अशी एक सेवा घेतो. फुकट म्हटले तरी पैसे देण्याची व्यवस्था आधीच करून मागतात. तो यूपीआयचा गुप्त अंक एकदा दाबतो. त्या एका दाबण्याने त्याने दोन गोष्टी केलेल्या असतात. एक, सेवा घेतली. दुसरी, दरमहा आपल्या खात्यातून पैसे वळते करण्याची बँकेला आज्ञा दिली. ही दुसरी गोष्ट पुष्कळदा त्याला उमगलेलीच नसते. स्पर्धा संपते, तो मोबाईलमधून ते ॲप काढून टाकतो आणि प्रकरण मिटले असे समजतो. परंतु ॲप काढल्याने आज्ञा रद्द होत नाही. गवळ्याला काही न सांगता नुसते दार लावून घ्यावे, तसे ते आहे. दूध उंबऱ्यावर नासत राहते आणि बिल चालूच राहते. महिना १४९ रुपये म्हणजे वर्षाला १,७८८ रुपये. दरमहा एवढ्याशा रकमेसाठी कोणी भांडायला उठत नाही, आणि या धंद्याचे गणितही नेमके त्यावरच बसवलेले असते.

बरे, त्याने रीतसर बंद करायचे ठरवले तर? घेण्याचे बटण पहिल्याच पडद्यावर, ठसठशीत रंगात होते. सोडण्याचे बटण खाते, सदस्यत्व, मदत अशा दारांमागे कोठेतरी असते. ते सापडले की प्रश्न येतो, कारण काय? मग सवलतीचे आमिष. मग ‘मला हे सारे फायदे गमवायचे आहेत’ अशा अर्थाचे, दाबणाऱ्यालाच मूर्ख ठरवणारे वाक्य. अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने जून २०२३ मध्ये ॲमेझॉनवर फिर्याद केली. तीत असे म्हटले होते की, सदस्यत्व रद्द करण्याच्या या वाटेला कंपनीच्या आतच होमरच्या दीर्घ महाकाव्याचे, ‘इलियड’चे, नाव दिलेले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये ते प्रकरण २५० कोटी डॉलरवर मिटले. कंपनीने दोष मात्र मान्य केला नाही.

कोणी म्हणेल, ‘बटण तुम्हीच दाबले ना? मग तक्रार कसली?’ हा आक्षेप आमच्या भागाला नवा नाही. ‘खतावर अंगठा तुमचाच ना?’ या शब्दांत तो शिरूर आणि भीमथडी तालुक्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ऐकलेला आहे. (आजचा दौंड तालुका हा त्या जुन्या भीमथडीचाच भाग.) १८५९ साली सरकारने मुदतीचा कायदा केला आणि कर्जाच्या खताला तीन वर्षांची मर्यादा घातली. व्याज साचत जाऊ नये, हा हेतू. प्रत्यक्षात झाले उलटेच. तीन वर्षे संपत आली की सावकार नवे खत लिहून घेई, आणि थकलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून धरले जाई. कुणब्याने दिलेल्या रकमेची पावती बहुधा मिळत नसे. हिशेबाची वही सावकाराच्या घरी. म्हणजे कर्ज एकदाच काढलेले, पण खत दर तीन वर्षांनी आपोआप ताजे होई.

डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील कर्डे गावाने एका सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, तेव्हा भीमथडीत असलेल्या सुप्यात दंगल उसळली. दंगलकऱ्यांचा रोख मुख्यत्वे खतांवर होता; खते हाती दिली की पुष्कळ ठिकाणी माणसांना धक्काही लागला नाही. (पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली तीही याच साली. पुढे याच प्रश्नावरील कायद्याखाली ते विशेष न्यायाधीश झाले.)

ही तुलना फार ताणू नये हे आम्ही जाणतो. त्या वेळी जमीन जात होती, आज १४९ रुपये जातात. तथापि यंत्र एकाच घडणीचे आहे. गप्प राहणे म्हणजे होकार. नूतनीकरण त्याच्याच हाती ज्याला त्यात लाभ आहे. आणि हिशेब देणाऱ्याच्या डोळ्यांआड. म्हणूनच १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य कायद्याने काय केले हे पाहण्यासारखे आहे. त्याने सावकाराला ‘चांगले वागा’ असे नुसते सांगितले नाही. शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर व्हावे, दिलेल्या पैशाची लेखी पावती मिळावी, मागितल्यास पासबुक मिळावे, आणि खटल्यात न्यायालयाने खतावरच्या आकड्यापाशी न थांबता व्यवहाराच्या उगमापर्यंत जावे, असे ठरवले. किल्ली एकाच्या हातातून काढून तिऱ्हाइताकडे ठेवली.

आजच्या प्रश्नात असा तिऱ्हाईत म्हणजे बँक. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून असे ठरले की, दर वेळी पैसे वळते करण्याआधी किमान २४ तास ग्राहकाला सूचना जावी. तीत कोणाला, किती आणि केव्हा हे असावे. आणि ग्राहकाला तो हप्ता किंवा सारी आज्ञाच बँकेकडे रद्द करता यावी. कंपनीचे सोडण्याचे बटण सापडो न सापडो, पैशाची वाट येथे अडवता येते. आमच्या मते, आतापर्यंतच्या उपायांत हाच खरा कामाचा. त्यातही उणे आहेच. सूचना येते ती बहुधा इंग्रजीत, कर्जाच्या आणि लॉटरीच्या वीस संदेशांत मिसळून. शिवाय २०२२ मध्ये ५,००० वरून १५,००० रुपये केलेल्या मर्यादेच्या आतील हप्त्याला सामान्यतः नव्याने संमती लागत नाही. गप्प राहिले की पैसे गेले.

केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. तेरा प्रकारांत ‘वर्गणीचा सापळा’ हाही एक आहे: रद्द करणे अशक्य किंवा लांबलचक करणे, तो पर्याय लपवणे, फुकट सेवेसाठी पैसे देण्याचा तपशील सक्तीने घेणे. व्याख्या चांगली आहे. जर्मनीने मात्र व्याख्येच्या पुढे जाऊन १ जुलै २०२२ पासून संकेतस्थळावर करार रद्द करण्याचे स्पष्ट बटणच बंधनकारक केले.

तोवर करता येण्याजोगे ते सांगतो. यूपीआयच्या ॲपमध्ये ‘ऑटोपे’ या नावाखाली चालू आज्ञांची यादी असते. नको ती तेथेच रद्द करावी. कार्डावरून दिलेली आज्ञा बँकेकडे रद्द करावी. मग कंपनीलाही लेखी कळवावे, कारण पैसे थांबले तरी करार शिल्लक राहू शकतो. दोन्हींचे छायाचित्र ठेवावे. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते. आणि ज्या वडीलधाऱ्यांचा मोबाईल मुलाने किंवा नातवाने चालू करून दिला आहे, त्यांचे पासबुक शाखेत भरून आणल्यावर एकदा त्यांच्याशेजारी बसून ओळीओळीने वाचावे. दरमहा त्याच सुमारास तीच रक्कम आणि तीच न कळणारी अक्षरे दिसली, तर हे कोणी लावले होते, हे घरात विचारावे.