कुंडीत न पेरता उगवलेले रोप

कुंडीत न पेरता एखादे रोप उगवले की घरात दोन मते पडतात. कुणी म्हणते, तण आहे, उपटून टाका. कुणी म्हणते, काही चांगले असेल, राहू द्या. आम्ही वर्गात मुलांना सांगतो तेच इथेही सांगू : आधी नीट पाहा, मग नाव द्या, आणि नाव कळेपर्यंत पान तोंडात घालू नका.

पहिला प्रश्न, बी आले कुठून? फालुद्याच्या सब्जाचे भांडे विसळून ते पाणी कुंडीत ओतले, तर सब्जा उगवतो. भाजीच्या कचऱ्याच्या खतातून टोमॅटो, मिरची, पपई येते. पिंपळाचे बी पक्षी आणतात. बाहेरून आणलेल्या मातीत मात्र काहीही असू शकते. धोतऱ्याचे बी तर मातीत कित्येक वर्षे टिकते.

दुसरे, पान पाहा. ते गाजराच्या पानासारखे बारीक कातरलेले असेल तर हात लावू नका. ते गाजर गवत असू शकते. आपल्या देशात त्याची पहिली नोंद 1955 च्या सुमारास पुण्यात झाली. त्याने अनेकांच्या अंगाला खाज सुटते. हातमोजे घालून, फुले येण्याआधीच ते मुळासकट काढावे.

खोड चौकोनी, पाने समोरासमोर आणि चुरगळल्यावर सुगंध असेल, तर रोप बहुधा तुळशीच्या कुळातले, म्हणजे सब्जा किंवा पुदिना.

खरी सावधगिरी धोतऱ्याबाबत हवी. वांगे, टोमॅटो, मिरची आणि धोतरा एकाच कुळातले, त्यामुळे रोप लहान असताना फसगत होते. फुलावर ओळख पटते. मिरचीचे फूल लहान आणि झुकलेले. धोतऱ्याचे लांब, कर्ण्यासारखे, पांढरे किंवा जांभळट. फळ गोल, काटेरी. त्याचे बी मिरचीच्या बियांसारखे दिसते आणि तेच फार विषारी असते.

मोबाइलने सांगितलेले नाव अंदाज समजावा. रोपवाटिकेत किंवा वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना फांदी दाखवून खात्री करून घ्यावी.

मुलाने धोतरा खाल्लाच, तर तोंड कोरडे पडते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, मूल असंबद्ध बडबडू लागते. अशी लक्षणे दिसण्याची वाट पाहू नका आणि घरगुती इलाजात वेळ घालवू नका. लगेच दवाखाना गाठा आणि रोपाची फांदी सोबत न्या. काय खाल्ले, हे डॉक्टर आधी विचारतील.