भाड्याच्या खोल्यांआधी मातीची चौकशी
वसई-विरारमध्ये जमीन घेऊन भाड्याने द्यायला खोल्या बांधायच्या असतील, तर आधी माती तपासा. वसईची खाडी आणि वैतरणा नदी यांच्यामधल्या या सखल पट्ट्यात अनेक ठिकाणी पाणी धरणारी मऊ चिकणमाती आहे. इमारतीचा भार पडला की तिच्यातले पाणी वर्षानुवर्षे हळूहळू निघत राहते आणि माती दबते. एक बाजू जास्त खचली की भिंतींना तडे जातात. म्हणून माती तपासणीचे बोअर घेऊन मगच पाया ठरवा.

तितकेच महत्त्वाचे कागद: सातबारा, विकास आराखड्यातील आरक्षण, महापालिकेची परवानगी. नालासोपाऱ्यात आरक्षित जागेवरच्या ४१ बेकायदा इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२४-२५ मध्ये पाडल्या गेल्या. असंख्य कुटुंबे बेघर झाली. भाडेकरू तुमच्या भरवशावर संसार मांडतो. म्हणून माती आणि कागद तपासल्यानंतरच भाड्याचा हिशेब करा.