बॉनेटखालची धग : मोटारीच्या एक्झॉस्ट हेडरची उष्णता कशी आवरावी?

मे महिन्याच्या दुपारी घाट चढून आलेली मोटार माथ्यावर थांबते. चालक चहा घेऊन परततो, किल्ली फिरवितो आणि स्टार्टर नुसताच कण्हतो. अर्ध्या-पाऊण तासाने तीच गाडी काहीच न घडल्यासारखी सुरू होते. मग बॅटरी बदलली जाते, स्टार्टर उघडून पाहिला जातो, दोष मात्र सापडत नाही. पुष्कळदा तो स्टार्टरमध्ये नसतोच. त्याच्यापासून चार बोटांवरून गेलेल्या एक्झॉस्टच्या तप्त नळीत असतो. तांब्याच्या तारेचे तापमान १०० अंश सेल्सियसने वाढले की तिचा विद्युतरोध सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. भाजून निघालेल्या स्टार्टरला पुरेसा प्रवाह मिळत नाही, तो मिळतो थंड झाल्यावर.

गाडीला अधिक ताकदीच्या हौसेने नवा 'हेडर' बसविलेल्यांच्या वाट्याला हा अनुभव विशेषकरून येतो. हेडर म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून निघणारा धूर स्वतंत्र नळीने बाहेर काढून पुढे एका नळीत एकत्र करणारा नळ्यांचा जुडगा होय. कारखान्यातून येणाऱ्या अनेक गाड्यांत त्याच्या जागी बिडाचा जाड, आखूड मॅनिफोल्ड असतो. हेडरच्या नळ्या लांब, पातळ आणि वळणदार असतात. त्यामुळे धूर सुरळीत बाहेर पडतो हे खरे; परंतु तप्त धातूचा उघडा पृष्ठभाग वाढतो आणि पातळ भिंतीमुळे तो लवकर तापतो. शिवाय मूळ मॅनिफोल्डवरचा संरक्षक पत्रा नव्या आकाराला बसत नाही, म्हणून तो काढून गॅरेजच्या कोपऱ्यात टाकून दिला जातो. आमच्या मते निम्म्याहून अधिक त्रासाचे मूळ या टाकून दिलेल्या पत्र्यातच आहे.

झळ आणि तिचा हिशेब

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने चतुर्थांश ते तृतीयांश भाग उपयुक्त कार्यात येतो. जवळपास तेवढीच ऊर्जा रेडिएटरच्या पाण्यावाटे जाते आणि उरलेली, म्हणजे एक तृतीयांशाच्या आसपास, धुराबरोबर बाहेर पडते. पूर्ण भारावर चालणाऱ्या पेट्रोल इंजिनाच्या धुराचे तापमान ८०० ते ९०० अंशांपर्यंत जाते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात ते त्याहूनही वर चढते. डिझेलचा धूर त्या मानाने थंड असतो.

ही उष्णता शेजारच्या भागांपर्यंत वहन, अभिसरण आणि प्रारण अशा तीन मार्गांनी पोचते, हे शालेय पाठ्यपुस्तकात आपण वाचलेलेच आहे. तेथे एक बाब मात्र सहसा ठसविली जात नाही. प्रारणाने बाहेर पडणारी ऊर्जा निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घातावर अवलंबून असते. नळी ३०० अंशांवरून ६०० अंशांवर गेली, तर प्रारण दुप्पट होत नाही. ते पाचपटीहून अधिक होते. चार नळ्यांच्या हेडरचा बाहेरचा पृष्ठभाग पाव चौरस मीटर धरला आणि त्यावर काळपट गंजाचा थर असेल, तर ६०० अंशांना तो सहा किलोवॉटहून अधिक उष्णता फेकतो. नळ्यांची तोंडे काही अंशी एकमेकींकडेच असल्याने प्रत्यक्षातला आकडा थोडा कमी भरेल. तरीही घरातल्या चार-पाच इस्त्र्या पूर्ण तापवून बॉनेटखाली ठेवाव्यात, तसा हा प्रकार आहे. विशेष म्हणजे प्रारणाला हवेची गरज नसते आणि पंख्याच्या वाऱ्याने ते अडतही नाही. रेडिएटरचा पंखा मोठा बसविला की प्रश्न मिटला, हा समज म्हणूनच अपुरा आहे.

या झळीच्या टप्प्यात काय काय येते? सर्वांत आधी वायरिंग. तारांवरील साधे पीव्हीसी आवरण १०० अंशांच्या आसपास तग धरते. विद्युतरोधक पदार्थांबाबतचा ढोबळ नियम असा, की दर दहा अंश जादा तापमानामागे त्यांचे आयुष्य निम्मे होते. आवरण एका दिवसात वितळत नाही. ते कडक होते, तडकते आणि काही महिन्यांनी एखाद्या खड्ड्याच्या धक्क्याने उघडी तार लोखंडाला टेकते. रबरी होसची गत तशीच होते. ब्रेकच्या तेलाचे प्रकरण अधिक गंभीर आहे. डॉट ३ प्रतीच्या कोऱ्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो; परंतु हे तेल हवेतील ओलावा शोषते आणि ओलावा शोषलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. ब्रेकची नळी हेडरला चिकटून जात असेल, तर तेलात वाफेचे बुडबुडे होऊन पेडल पोकळ लागण्याचा धोका संभवतो. भारतात स्टिअरिंग उजवीकडे असते. डाव्या स्टिअरिंगच्या देशांसाठी घडविलेला हेडर येथे बसविताना तो नेमका स्टिअरिंगचा दांडा आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर यांच्या अंगावर येऊ शकतो, ही गोष्ट खरेदीपूर्वीच पाहून घ्यावी.

आणि ज्या ताकदीसाठी हा खटाटोप, तिचे काय? इंजिनात शिरणारी हवा ३५ अंशांऐवजी ६५ अंशांची झाली, तर तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. हेडरने मिळवून दिलेले थोडेसे अश्वबळ गरम हवा परत घेऊन जाऊ शकते.

आगीची शक्यता वेगळीच. २०१० मध्ये टाटा नॅनो गाड्यांना आग लागण्याच्या काही घटना घडल्या. त्या प्रत्येक गाडीपुरत्या विशिष्ट कारणांनी घडल्याचे सांगताना, बाहेरून बसविलेली विद्युत उपकरणे आणि एक्झॉस्टवर राहून गेलेली परकी वस्तू यांचा कंपनीने उल्लेख केला होता. त्याच वर्षी एक्झॉस्ट व विद्युत यंत्रणेला जादा संरक्षण विनामूल्य बसवून देण्याची सोयही तिने केली. परकी वस्तू म्हणजे काय, हे गॅरेजमध्ये वावरणाऱ्यांना सांगावे लागत नाही. विसरलेले फडके, उंदराने जमविलेल्या चिंध्या, वाळलेला पाला, तेल बदलताना सांडलेला ओघळ, यांपैकी काहीही पुरते.

आधी पत्रा, मग पट्टी

उपायांमध्ये पहिला मान पत्र्याचा आहे, आणि तोच सर्वांत स्वस्तही आहे. चकचकीत अॅल्युमिनियम त्यावर पडणाऱ्या प्रारणापैकी बहुतांश परत फेकते व स्वतः अत्यल्प उत्सर्जित करते. पत्रा हेडरला टेकवून बसवू नये; दोहोंमध्ये बोटभर फट ठेवावी, म्हणजे मधून हवा खेळते आणि पत्राही निवतो. दोन पातळ पत्रे मध्ये पोकळी ठेवून जोडले, तर एका जाड पत्र्यापेक्षा अधिक उपयोगी पडतात. मात्र तो स्वच्छ हवा. धूळ आणि तेलाचा चिकटा बसला की त्याची चमक, पर्यायाने त्याचे काम, संपते. १९९२ मध्ये जगापुढे आलेल्या मॅक्लॅरेन एफ वन या मोटारीत इंजिनाच्या कप्प्याला चक्क सोन्याचा वर्ख लावण्यात आला होता. सोने अवरक्त किरण उत्तम परावर्तित करते आणि काळे पडत नाही. आपल्याला एवढ्या श्रीमंतीची गरज नाही.

दुसरा, आणि हौशी मंडळींत अधिक लोकप्रिय, उपाय म्हणजे हेडरभोवती उष्णतारोधक पट्टी गुंडाळणे. ही पट्टी काचतंतूंची अथवा बेसॉल्टच्या तंतूंची असते. बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाणच. तो वितळवून त्याचे तंतू ओढता येतात. पट्टी प्रत्येक वेढ्यात साधारण पाव ते निम्मी रुंदी मागच्यावर चढवून ताणून गुंडाळावी लागते आणि टोके स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांनी आवळावी लागतात. हे काम करताना हातमोजे व तोंडावर मास्क आवश्यक आहे, कारण काचतंतूंचे कण त्वचेत आणि श्वासात जातात. बॉनेटखालचे तापमान पट्टीमुळे निश्चितच उतरते.

पण उष्णता नाहीशी होत नाही. ती नळीच्या धातूतच कोंडली जाते, हे विक्रेते सांगत नाहीत. धातू अधिक तापतो. अर्धा मीटर लांबीची स्टेनलेस स्टीलची नळी ६०० अंशांनी तापली तर सुमारे पाच मिलिमीटरने लांबते आणि निवल्यावर पुन्हा आखडते. या रोजच्या ताणाने वेल्डिंगच्या जागी भेगा पडतात. साध्या पोलादाच्या हेडरची अवस्था त्याहून वाईट होते. पावसाळ्यात पट्टी पाणी धरून ठेवते, गाडी उभी राहिली की आतून गंज चढतो, आणि पट्टी उलगडेपर्यंत तो दिसत नाही. याच कारणास्तव अनेक हेडरनिर्माते पट्टी गुंडाळल्यास हमी नाकारतात. इंजिनातून तेल गळत असेल तर पट्टी मुळीच गुंडाळू नये. तेलाने भिजलेली ही पट्टी म्हणजे दिव्याची वातच. कोकणात वा गोव्यात राहणाऱ्या, रोज गाडी वापरणाऱ्या वाचकाला आम्ही पट्टीची शिफारस करणार नाही. शर्यतीच्या गाडीचे गणित निराळे असते. तेथे हेडर काही हंगामांनंतर बदलायचाच असतो.

या दोहोंमधला मार्ग सिरॅमिक लेपाचा. हा थर अतिशय पातळ असतो, गंजापासून संरक्षण देतो आणि पाणी धरत नाही. झिरकोनियावर आधारित असे लेप विमानांच्या जेट इंजिनांतील पात्यांवर दीर्घकाळ वापरले जात आहेत. खर्च मात्र अधिक येतो आणि हेडर बसविण्यापूर्वीच तो लावून घ्यावा लागतो.

गाडी थांबल्यानंतर

गाडी चालू असताना वाऱ्याचा झोत बरीच उष्णता खालून मागे नेतो. धोक्याची वेळ इंजिन बंद केल्यानंतरची असते. वारा थांबतो, पाण्याचा पंप थांबतो, हेडर मात्र तापलेलाच असतो, आणि पुढील काही मिनिटे बॉनेटखालचे तापमान उतरण्याऐवजी चढते. कार्बोरेटरच्या काळात याच वेळी पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडत असे. म्हणून घाट किंवा महामार्गावरील वेगवान दौडीनंतर एक-दोन मिनिटे इंजिन संथ चालू ठेवून मग बंद करावे. टर्बोच्या गाडीला तर हे अधिकच लागू आहे, अन्यथा तिच्या बेअरिंगमधील तेल करपते. तापलेली गाडी वाळल्या गवतावर उभी करू नये.

बॉनेटची मागील कड वॉशर घालून उचलण्याची एक रीत तरुणांत दिसते. उभ्या गाडीतून तेथून गरम हवा वर जाते, हे खरे. वेगात मात्र समोरच्या काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो आणि हवा बाहेर पडण्याऐवजी उलट आत शिरते. त्यात गाडीच्या आत हवा घेणारी जाळी बहुधा तेथेच असते. हेडरच्या सांध्यातून धूर गळत असेल, तर कार्बन मोनॉक्साइड थेट प्रवाशांपर्यंत पोचू शकतो. त्याला वास नसतो.

कायद्याचा मुद्दाही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास अथवा दोन्ही, अशी तरतूद आली. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या अनेक गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर इंजिनाला अगदी लागून असतो; तो काढून हेडर बसविणे म्हणजे प्रदूषणाचा नियमही मोडणे. काही आधुनिक इंजिनांत तर मॅनिफोल्ड सिलिंडर हेडमध्येच ओतलेला असून त्याभोवती पाणी फिरते. तेथे हेडरला जागाच उरत नाही. चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टै किंवा कोइंबतूरच्या करी स्पीडवेसारख्या बंदिस्त धावपट्ट्यांवर मात्र ही विद्या जोमात आहे.

केलेल्या उपायांचा परिणाम मोजण्यासाठी अवरक्त तापमापक स्वस्तात मिळतो. तो चकचकीत धातूवर रोखल्यास खोटे, बरेच कमी तापमान दाखवितो. काळ्या, मळकट भागावर रोखावा. खरे तर हेडरचे तापमान मोजून फारसे हाती लागत नाही. मोजायचे ते वायरिंगचे, ब्रेकच्या नळीचे आणि हवा आत घेणाऱ्या नळीचे, तेही इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी. नवा हेडर दोन-तीन वेळा तापून पूर्ण निवला, की थंड असतानाच त्याचे नट पुन्हा आवळून घ्यावेत. पहिल्या तापण्या-निवण्यात ते हमखास सैल होतात, आणि पॅकिंग तेथूनच जळू लागते.