चमकते जाकीट

मनुष्य वस्त्र वापरतो ते थंडीवाऱ्यापासून रक्षण व्हावे म्हणून, लज्जारक्षणासाठी आणि काही अंशी शोभेसाठीही. परंतु एक वस्त्र असे आहे की, त्याने ऊब मिळत नाही, पाऊस अडत नाही आणि शोभाही वाढत नाही. बिनबाह्यांचे, भडक पिवळ्या किंवा नारिंगी रंगाचे, रुपेरी पट्ट्या शिवलेले हे जाकीट सडकेवर खडी पसरणारे मजूर, रेल्वेचे गँगमन आणि रहदारीचे पोलीस यांच्या अंगावर पाहावयास मिळते. घालणारा एक, आणि त्याचा परिणाम व्हावयाचा तो दुसऱ्याच्याच डोळ्यांवर, असे हे चमत्कारिक वस्त्र आहे. आपण दुसऱ्यास वेळीच दिसावे, एवढ्यासाठीच ते घालावयाचे असते.

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात डोळखांब हे गाव आहे. सह्याद्रीच्या पायथ्याकडील हा मुलूख भातखाचरांचा, सागाच्या जंगलांचा आणि मुसळधार पावसाचा. याच तालुक्यातून मुंबई-नाशिक महामार्ग जातो. कसारा घाट चढून जाणारी मध्य रेल्वेही येथूनच जाते. नागपूरहून येणाऱ्या ७०१ किलोमीटर लांबीच्या समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा २०२५ च्या जून महिन्यात खुला झाला. तोही याच तालुक्यातून गेला आहे. शेजारच्या मुरबाड तालुक्यातून माळशेज घाटाची वाट आहे, आणि पावसाळ्यात तेथे धुके इतके दाट उतरते की, दहा पावलांवरचा मनुष्य दिसू नये. अशा मुलखात सडक, रूळ, रान आणि शेत या चारही ठिकाणी माणसे राबत असतात. त्यांना कोणते जाकीट उपयोगी पडेल, हे समजून घ्यावयाचे तर ते जाकीट चमकते कसे, हे प्रथम पाहिले पाहिजे.

अंधारात रस्त्याने चालणाऱ्याच्या मनात एक भ्रम सहज उत्पन्न होतो. समोरून येणाऱ्या मोटारीचे दिवे त्याला पुष्कळ दुरून दिसतात. तेव्हा चालकालाही आपण दिसत असलोच पाहिजे, असे त्याला वाटते. वस्तुतः तसे नसते. दिवा स्वतः प्रकाश देतो, म्हणून तो दिसतो. मनुष्याच्या अंगावर पडलेला प्रकाश मात्र चहूकडे विखुरतो. त्यातील अगदी थोडा चालकाच्या डोळ्यांपर्यंत परत जातो, आणि अंगावर काळी घोंगडी असली तर तितकाही जात नाही. आता थोडा हिशेब करून पाहावा. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर तोडते. समोर काय आहे हे ओळखून ब्रेकवर पाय दाबण्यास दोन सेकंद लागले, असे धरले तर तेवढ्यात मोटार ४४ मीटर पुढे आलेली असते. त्यानंतर ओल्या सडकेवर ती थांबण्यास जवळजवळ तितकेच अंतर पुन्हा लागते. याचा अर्थ असा की, मनुष्य चालकास निदान शंभर मीटरांवरून दिसला, तरच तो सुरक्षित.

जाकिटाच्या अंगी दोन निरनिराळे गुण असतात. एक दिवसाचा आणि दुसरा रात्रीचा. दिवसाचा गुण त्याच्या रंगात आहे. सूर्यप्रकाशात आपल्या डोळ्यांना न दिसणारे जंबुपार किरण असतात. साधा रंग त्यांचा काहीच उपयोग करीत नाही. जाकिटाचा रंग मात्र ते किरण शोषून घेतो आणि दिसणाऱ्या प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतो. त्यामुळे तो भोवतालच्या रंगांहून अधिक उजळ भासतो. ढगाळ दिवशी, पहाटे आणि तिन्हीसांजेला इतर रंग फिके पडतात. परंतु त्या वेळीही आकाशातून जंबुपार किरण येत असल्यामुळे हा रंग उठून दिसतो. रात्री मात्र हा गुण लोपतो. मोटारीच्या दिव्यांत असे किरण जवळजवळ नसतातच.

तेथे रुपेरी पट्टीचे काम सुरू होते. या पट्टीवर काचेचे अतिसूक्ष्म मणी बसविलेले असतात, किंवा लहान लहान लोलकांसारखी रचना असते. तिच्यावर पडलेला प्रकाश इतस्ततः न विखुरता ज्या दिशेने आला त्याच दिशेने परत फिरतो. मोटारीचा दिवा आणि चालकाचे डोळे जवळजवळ एकाच बाजूला असल्यामुळे तो परतलेला प्रकाश नेमका चालकाला दिसतो. बाजूला उभ्या असलेल्या माणसाला तीच पट्टी राखाडी आणि निस्तेज वाटते.

निसर्गात याची उदाहरणे आहेतच. गोठ्यात विजेरीचा झोत टाकला की गाईचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात. रानातल्या बिबट्याचेही तसेच. हिवाळ्यातील सकाळी दव पडलेल्या गवतावर आपली लांब सावली पडली असता सावलीच्या डोक्याभोवती एक उजळ वलय दिसते. दवाचे थेंब काचेच्या मण्यांप्रमाणे सूर्याचा प्रकाश मागे फिरवितात, म्हणून हे वलय दिसते. गंमत अशी की, प्रत्येकाला ते केवळ आपल्याच डोक्याभोवती दिसते. शेजाऱ्याच्या डोक्याभोवती दिसत नाही. प्रकाश आल्या वाटेने परततो, याचा याहून सोपा पुरावा कोणता?

असे भडक चमकणारे रंग अमेरिकेतील रॉबर्ट आणि जोसेफ स्विट्झर या भावांनी १९३० नंतरच्या दशकात तयार केले. ग्रेट ब्रिटनमध्ये ग्लासगो शहरात रुळांवर काम करणाऱ्या कामगारांना १९६४ साली अशा नारिंगी रंगाची जाकिटे प्रथम प्रयोगादाखल देण्यात आली. त्या जाकिटांना लोक काजवे म्हणू लागले. उपमा सुरेख आहे. पण काजवा स्वतः प्रकाश निर्माण करतो, जाकीट तसे करीत नाही. त्यावर प्रकाश पडला तरच ते चमकते, हा भेद विसरून चालणार नाही.

आता निवडीचा विचार करू. निवडीचा पहिला नियम असा की, जाकिटाचा रंग भोवतालच्या रंगाशी विसंगत असावा. दिवसाच्या उजेडात मनुष्याच्या डोळ्याला हिरवट पिवळा रंग सर्वांत तीव्रतेने जाणवतो. म्हणून तोच रंग सर्वत्र उत्तम, असे कोणासही वाटेल. परंतु श्रावणात डोळखांबच्या परिसरात जाऊन पाहावे. खाचरात भात हिरवे, बांधावर गवत हिरवे, डोंगरावर रान हिरवे! त्या हिरवाईत हिरवट पिवळे जाकीट हरवून जाते, आणि नारिंगी जाकीट दुरूनही नजरेत भरते. तेच रान चैत्र-वैशाखात पाहिले तर सागाची पाने गळून पडलेली असतात, गवत करपलेले असते आणि माती तांबूस दिसते. तेव्हा नारिंगी मागे पडते आणि हिरवट पिवळे सरस ठरते. एकाच जागी ऋतू पालटला की उत्तरही पालटते.

सडकेच्या कामावर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. माती उकरणारी यंत्रे बहुधा पिवळ्या रंगाची असतात. त्यांच्यासमोर पिवळे जाकीट घालून उभा राहिलेला मजूर यंत्राचाच एक भाग वाटतो. तेथे नारिंगी जाकीट बरे. उलट, जेथे नारिंगी रंगाचे फलक व शंकू मांडलेले असतात, तेथे त्यांच्यामध्ये पिवळा मनुष्य वेगळा दिसतो. मार्ग जितका वेगाचा, तितके वस्त्रही मोठे हवे. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार अशा वस्त्रांचे तीन वर्ग केलेले आहेत. पहिल्या वर्गाच्या वस्त्रात चमकदार रंगाचे कापड निदान ०.१४ चौरस मीटर, दुसऱ्यात ०.५० आणि तिसऱ्यात ०.८० चौरस मीटर असावे लागते. आणि रुपेरी पट्टी निदान ५० मिलिमीटर रुंद लागते. मोटारी सावकाश चालतात त्या आवारात पहिला वर्ग पुरतो. महामार्गावर मात्र बाह्या असलेले तिसऱ्या वर्गाचे वस्त्र हवे. बाह्यांचे महत्त्व केवळ आकारात नाही. छातीवरची एकच पट्टी अंधारात चमकली तर चालकाला तो मैलाचा दगडही वाटेल. परंतु हातापायांवरील पट्ट्या हलू लागल्या की, हा मनुष्य आहे हे क्षणात उमगते.

रेल्वेची गोष्ट निराळी. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातील मार्ग १८६५ साली सुरू झाला. त्याचा चढ ३७ फुटांस एक फूट इतका असून, गाडीला मागून जास्तीची इंजिने जोडावी लागतात. या मार्गावर वळणे आहेत, बोगदे आहेत आणि पावसाळ्यात धुकेही आहे. वेगात असलेली आगगाडी मोटारीप्रमाणे चटकन थांबत नाही. म्हणून चालकाला रुळावरील माणसे दुरूनच दिसली पाहिजेत, म्हणजे तो वेळीच शिट्टी वाजवितो आणि माणसे बाजूला होतात. रेल्वेच्या सिग्नलांत तांबडा, पिवळा आणि हिरवा या तीन रंगांना ठरलेले अर्थ आहेत. जाकिटाचा रंग त्यांच्याशी घोटाळा करील असा नसावा. त्यामुळे रुळांवर नारिंगी रंगच रूढ झाला आहे.

काही ठिकाणी जाकीटच अपाय करू शकते. उन्हाळ्यात रानात वणवा लागला की वनमजूर तो विझविण्यासाठी धावतात. नेहमीचे स्वस्त जाकीट कृत्रिम धाग्याचे असते. आगीच्या धगीने ते वितळून अंगाला चिकटते. वीटभट्टीवरही तोच धोका. अशा ठिकाणी आग न पकडणारे खास कापड हवे. ते नसल्यास जाडाभरडा सुती सदराच बरा. मळणीयंत्राच्या पट्ट्यात सैल जाकिटाचा सोगा अडकला तर तो माणसालाही ओढून नेईल. तेथे अंगाबरोबर बसणारे, ओढ बसताच आपोआप सुटणाऱ्या चिकटपट्टीचे जाकीट वापरावे. विजेच्या तारांवर काम करणाऱ्याच्या जाकिटाला धातूची साखळी किंवा गुंड्या नसाव्यात.

सर्वांत मोठी चूक पावसाळ्यात घडते. मनुष्य जाकीट घालतो आणि त्यावर रेनकोट चढवितो किंवा घोंगडी पांघरतो. मग जाकीट असून नसल्यासारखे होते. हे वस्त्र नेहमी सर्वांच्या वर असले पाहिजे. त्याची निगाही राखावी लागते. चिखलाने माखलेली पट्टी प्रकाश परत करीत नाही. उन्हाने व वारंवार धुण्याने रंग विटतो, मणी झडतात. विटलेले जाकीट वापरणाऱ्यास आपण सुरक्षित आहोत असे वाटते, आणि तो मात्र कोणास दिसत नाही. असे जाकीट नसलेले बरे, कारण न घालणारा निदान जपून तरी वागतो.

तसेच, जाकीट म्हणजे चिलखत नव्हे. १ ऑगस्ट २०२३ रोजी, मध्यरात्रीच्या सुमारास, शहापूर तालुक्यातील सरळांबे गावाजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असता, तुळया उचलून बसविणारे प्रचंड यंत्र कोसळले आणि वीस जण मृत्युमुखी पडले. वरून कोसळणाऱ्या ओझ्यापुढे कोणत्याही रंगाचे जाकीट काय करणार? यंत्रांची तपासणी, कामाची शिस्त आणि माणसाच्या जिवाची किंमत ओळखणारी व्यवस्था या गोष्टी प्रथम. जाकीट त्यांच्या जोडीला. चालकाचे काम माणसाला पाहणे हे आहे, माणसाचे काम दिसणे हे आहे; यांपैकी एकानेही कसूर केली तर दुसऱ्याची दक्षता व्यर्थ जाते.

दरवर्षी मुंबईहून शिर्डीकडे पायी जाणारे अनेक यात्रेकरू नाशिकच्या महामार्गाने रात्रीही चालत असतात. पहाटे शाळेसाठी सडकेने चालत जाणारी मुलेही आहेत. त्या सर्वांना जाकीट मिळेलच असे नाही. परंतु दप्तराच्या पाठीवर, काठीच्या टोकाला किंवा बैलगाडीच्या मागल्या फळीवर बोटभर रुंदीची चमकती पट्टी लावणे कोणासही शक्य आहे. ज्या सडकेवरून आपण निर्धास्तपणे जातो, ती दुरुस्त करणारी माणसे तिच्या कडेला उभी असतात. त्यांची जाकिटे दुरून चमकली की, तेथे कोणाचा तरी बाप, भाऊ किंवा आई काम करीत आहे हे ओळखून प्रत्येकाने आपला वेग आवरावा. त्या रुपेरी पट्टीचे सांगणे एवढेच आहे.

अभ्यास

१. जाकिटाचा दिवसाचा गुण कोणता व रात्रीचा गुण कोणता? दोहोंतील फरक स्पष्ट करा.
२. दवाने भिजलेल्या गवतावरील वलय आणि जाकिटावरील पट्टी यांत साम्य कोणते?
३. दिवाळीच्या सुमारास भात पिकून पिवळे झाले असता खाचराजवळ कोणत्या रंगाचे जाकीट योग्य ठरेल? कारण सांगा.
४. ‘जाकीट म्हणजे चिलखत नव्हे’ या विधानाचा अर्थ पाच-सहा वाक्यांत लिहा.