‘कोयत्या’चा विमा कोण उतरवणार?

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात कष्टकरी स्त्रीच्या आरोग्याची दोन परस्परविरोधी चित्रे दिसतात. एक आहे नागापूर किंवा सुपे औद्योगिक वसाहतीतील कामगार स्त्रीचे, दुसरे उसाच्या फडात राबणाऱ्या स्त्रीचे.

दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनेत कर्मचारी राज्य विमा योजना लागू होते. त्यासाठीची वेतनमर्यादा २०१७ मध्ये २१ हजार रुपये करण्यात आली. २०१९ पासून मालक वेतनाच्या ३.२५ टक्के, तर कामगार ०.७५ टक्के वर्गणी भरतो. त्याबदल्यात कुटुंबासह वैद्यकीय उपचार मिळतात. अटी पूर्ण झाल्यास आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन, पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवडे पूर्ण वेतन आणि गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांची भरपाई मिळते. प्रसूतिलाभाची रक्कम मालक नव्हे, तर विमा महामंडळ देते. त्यामुळे स्त्रीला कामावर घेणे महाग पडते, ही सबब येथे टिकत नाही.

फडातील स्त्रीला यातले काहीच मिळत नाही. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला साखर उद्योगात सहकार रुजला. पण ऊसतोड मजूर मुकादमामार्फतच येत राहिला. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उचल घेतलेली असते, खाडा झाला की पैसे कापले जातात. शिवाय केवळ साखर बनवणारा कारखाना कायद्याने ‘हंगामी’ ठरतो आणि हंगामी कारखान्यांना विमा योजना लागू नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही सूट कायम आहे.

याचे परिणाम शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली उघड झाले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढल्याचे आढळले. दुखणे अंगावर काढायचे किंवा ते कायमचे संपवायचे, एवढेच पर्याय खाडा परवडत नसलेल्या स्त्रीपुढे उरतात.

ऊसतोड कामगार महामंडळासाठी कारखान्यांनी प्रतिटन दहा रुपये आणि शासनाने तेवढीच रक्कम देण्याचे ठरले आहे. या निधीतून प्रत्येक स्त्रीची स्वतंत्र नोंद, फडाजवळ तपासणी आणि आजारपणातील खाड्याची भरपाई झाली, तर खरा बदल दिसेल. ‘कोयता’ जोडीचा असला, तरी आरोग्यपत्र तिच्या स्वतःच्या नावावर हवे.